आगमनकाळ आणि नाताळ : देवळांतील गायनाची निवड



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठीं एखादा ऐतिहासिक विषय घेऊन मीं लिहावें, अशी संपादक मंडळाची सूचना झाली. देवळाच्या बांधणीचा वृत्तांत, पूर्वीच्या धर्मगुरूंची कामगिरी, शाळेची वाढ, हे विषय इतर लेखकांनीं घेतलेच आहेत. म्हणून ज्या विषयावरून दर वर्षीं नोव्हेंबरच्या अखेरीस माझ्या खोलींत गायकमंडळाची सभा भरते, आणि जी सभा सहसा गोडीगुलाबीनें संपत नाहीं, तोच विषय मीं निवडला आहे. आगमनकाळांत कोणतीं गीतें गावीं, नाताळच्या रात्रीं कोणतीं गावीं, आणि मुख्य म्हणजे कोणतीं केव्हां गाऊं नयेत, हा तो विषय होय.

तरुण मंडळींचें म्हणणें असें कीं, डिसेंबर लागतांच दुकानांतून आणि शाळांतून नाताळचीं गीतें ऐकूं येऊं लागतात. मग एकट्या देवळानेंच मुकें कां बसावें? वडीलधाऱ्यांचें म्हणणें असें कीं, पूर्वीं गात आलों तेंच गावें. परंतु ‘पूर्वीं’ म्हणजे केव्हां, असें विचारलें तर उत्तर बहुधा बोलणाऱ्याच्या बालपणापाशीं येऊन थांबतें. पवित्र ख्रिस्तसभेचें ‘पूर्वीं’ याहून पुष्कळ लांबचें आहे. तिच्या इतिहासाकडे पाहून माझें जें मत बनलें तें आरंभींच सांगून टाकतों. या दोन काळांच्या गायनाची निवड गीतांची यादी करण्यापासून सुरू होत नाहीं. काय राखून ठेवावयाचें हें ठरविण्यापासून सुरू होते.

आगमनकाळ हा नाताळइतका जुना नाहीं. रोम येथें २५ डिसेंबर रोजीं ख्रिस्तजन्म पाळीत असल्याची नोंद इ. स. ३५४ च्या एका पंचांगांत सांपडते, व ती नोंद मुळांत ३३६ च्या सुमाराची मानण्यांत येते. सणापूर्वींच्या तयारीचा काळ त्यानंतर वाढीस लागला, आणि तोही प्रथम गॉल देशांत, म्हणजे आजच्या फ्रान्समध्यें, उपासाच्या रूपानें. संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत, आठवड्यांतून तीन दिवस उपास करावा असा नियम सहाव्या शतकाच्या अखेरीस माकों येथील धर्मसभेनें घालून दिला. रोमची रीत याहून सौम्य होती. तेथें चार रविवार ठरले व तेच आज आपण पाळतों. त्यामुळें या काळाच्या अंगीं दोन स्वभाव आले आहेत; एक पश्चात्तापाचा आणि दुसरा उत्कंठेचा. गायनांत ते दोन्ही दिसतात. आगमनकाळच्या रविवारीं मिस्सेंत ग्लोरिया गात नाहींत, परंतु आल्लेलुया मात्र चालू राहतें. उपवासकाळांत दोन्ही बंद असतात. हा लहानसा भेद ज्याच्या ध्यानांत आला त्याला आगमनकाळचें अर्धें संगीत कळलें असें मी समजतों. हे सुतकाचे दिवस नव्हेत. पाहुणा येणार म्हणून अंगण सारवून ठेवलेलें आहे, दिवा अजून लावावयाचा आहे, असे हे दिवस आहेत.

ग्लोरिया कां राखून ठेवावयाचें, याचें उत्तरही इतिहासांत आहे. पोपांच्या चरित्रांच्या एका प्राचीन ग्रंथांत असें म्हटलें आहे कीं, दुसऱ्या शतकांतील पोप तेलेस्फोरस यांनीं नाताळच्या रात्रींच्या मिस्सेंत हें देवदूतांचें गीत गावें अशी आज्ञा केली. इतिहासकार ही हकीकत अक्षरशः खरी धरीत नाहींत. परंतु सहाव्या शतकांत तो ग्रंथ तयार झाला तेव्हां रोमच्या लोकांची समजूत काय होती, हें तींतून स्पष्ट दिसतें. पुढें पोप सिम्माकस यांनीं (४९८ ते ५१४) रविवारीं व हुतात्म्यांच्या सणांना तें गाण्याची बिशपांना मोकळीक दिली. म्हणजे ग्लोरिया हें मुळांत नाताळचें धन; बाकीच्या रविवारांनीं तें नाताळकडून उसनें घेतलें. आगमनकाळांत चार आठवडे तें उसनें परत करावें लागतें, आणि मध्यरात्रीं धनी आपलें धन आपल्या हातानें पुन्हां उधळतो. चार आठवडे जो गप्प राहिला नाहीं त्याला त्या रात्रीं घंटा कां वाजतात हें कसें उमजावें?

वाद्यांविषयींही असाच विचार झालेला आहे. १६०० सालीं पोप आठवे क्लेमेंट यांनीं बिशपांच्या विधींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत आगमनकाळच्या रविवारीं ऑर्गन वाजवूं नये असा नियम आहे. अपवाद फक्त तिसऱ्या रविवारचा. त्या दिवशीं प्रवेशगीत आनंद करण्यास सांगतें, धर्मगुरु गुलाबी वस्त्र घालतात, आणि ऑर्गनलाही तोंड उघडण्याची मुभा मिळते. आजचा नियम इतका कडक नाहीं. वाद्यें वाजवावीं, परंतु मर्यादेनें, आणि प्रभुजन्माचा पूर्ण आनंद आगाऊ खर्च न करतां, असें आजचा मिस्साग्रंथ सांगतो. हा नियम ढोलकीलाही लागू आहे काय, असें मला एकदां विचारण्यांत आलें. ढोलकीला तो सर्वांच्या आधीं लागू आहे.

आतां राखून ठेवण्याच्या काळांत गावयाचें काय? या बाबतींत ख्रिस्तसभेजवळ इतकें वैभव आहे कीं, आपण तें वापरीत नाहीं याचेंच मला नवल वाटतें. १७ डिसेंबरपासून २३ डिसेंबरपर्यंत सात संध्याकाळीं, सायंप्रार्थनेंत पवित्र मरियेच्या स्तोत्रगानाच्या आधीं व नंतर, एकेक लहान पद गातात. प्रत्येक पद ‘ओ’ या हांकेनें सुरू होतें. प्रत्येकांत येणाऱ्या तारणाऱ्याला जुन्या करारांतील एका नांवानें हांक मारलेली आहे : ज्ञान, प्रभु, इशायाचें मूळ, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा, आणि शेवटीं इम्मानुएल. सातही पदांची चाल जवळजवळ एकच. नांव तेवढें बदलतें. बाराशें वर्षांहून अधिक काळ हीं पदें गाइलीं जात आहेत. या सात नांवांचीं लॅटिन रूपें सापिएन्तिया, आदोनाय, रादिक्स, क्लाविस, ओरिएन्स, रेक्स व एम्मानुएल अशीं आहेत. त्यांचीं आद्याक्षरें शेवटाकडून आरंभाकडे वाचलीं तर ‘एरो क्रास’ असे दोन लॅटिन शब्द होतात, आणि त्यांचा अर्थ ‘उद्यां मी असेन’. रचणाऱ्यानें हें मुद्दाम केलें कीं तो योगायोग आहे, यावर विद्वान वाद घालोत. सातव्या संध्याकाळीं, २३ तारखेस, तें उत्तर पुरें होतें एवढें खरें. मध्ययुगांत कांहीं मठांतून हीं पदें एकेका अधिकाऱ्याला वांटून दिलेलीं असत. ‘मूळ’ हें पद बागेची देखरेख करणाऱ्यानें उचलावें, ‘किल्ली’ हें कोठारवाल्यानें, आणि त्या संध्याकाळीं त्यानें आपल्या बंधूंना कांहीं गोडधोड द्यावें! वाट पाहण्याचे दिवस रुक्ष असावे लागतात असें त्या साधूंना वाटत नव्हतें, हें यावरून दिसेल.

याच सात पदांवरून पुढें वृत्तबद्ध लॅटिन गीत तयार झालें व तें १७१० सालीं कोलोन येथें छापलेलें मिळतें. आज तें जगभर ज्या चालीवर गातात ती चाल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडांत त्याला जोडण्यांत आली. ती आली कोठून, हें पुष्कळ वर्षें कोडेंच होतें. अखेर १९६६ सालीं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत, फ्रान्सिस्कन भगिनींच्या एका पंधराव्या शतकांतील हस्तलिखितांत ती सांपडली. आणि तेथें ती अंत्यविधीच्या मिरवणुकींत गावयाच्या पदाला लावलेली होती. मृतांना पोंचवितांना गाइलेली चाल जन्मणाऱ्या प्रभूला बोलावण्यासाठीं आली. एवढी गंभीर चाल आपल्या तरुणांना ‘रडकी’ वाटते. त्यांना हा इतिहास सांगितला पाहिजे.

आगमनकाळचें दुसरें वैभव म्हणजे पहाटेची मिस्सा. जर्मन व पोलिश प्रदेशांत या दिवसांत पवित्र मरियेची मिस्सा उजाडण्यापूर्वीं, केवळ मेणबत्त्यांच्या उजेडांत करण्याची जुनी चाल आहे. तिचें प्रवेशगीत यशया संदेष्ट्याच्या पंचेचाळिसाव्या अध्यायांतलें. आकाशानें वरून नीतिमत्त्वाचा वर्षाव करावा अशी त्यांत मागणी आहे. मराठी माणसाला हा प्रकार परका वाटण्याचें कांहींच कारण नाहीं. आपल्या देशांत पहाटे भूपाळी म्हणून जागें करण्याची रीत घरोघर होती. आगमनकाळच्या शुभवर्तमानांत प्रभु पुनःपुन्हां सांगतो तें ‘जागे राहा’ हेंच. डिसेंबरच्या थंडींत, सूर्य उगवण्याच्या आधीं, भूपाळीच्या वळणाचें संथ गीत देवळांत उठलें तर त्यासाठीं कोणतेंही टिपण वाटावें लागणार नाहीं.

नाताळच्या रात्रीकडे येऊं. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेंत आला आणि त्याचा अर्थ केवळ ‘जन्माचा’ एवढाच. त्या सणाला तीन मिस्सा आहेत : मध्यरात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. तिन्हींचीं ग्रेगोरियन प्रवेशगीतें निरनिराळीं आहेत, आणि गायनाची निवड कशी करावी याचा मला ठाऊक असलेला सर्वांत चांगला धडा त्यांत आहे. दिवसाच्या मिस्सेचें गीत बालकाच्या जन्माची घोषणा करतें, आणि त्याची चाल पहिल्याच क्षणीं, आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, षड्जावरून एकदम पंचमावर उडी घेते. मध्यरात्रीच्या मिस्सेचें गीत मात्र दुसऱ्या स्तोत्रांतलें. पिता पुत्राशीं बोलत आहे. तें अगदीं थोड्या स्वरांत, जवळजवळ पुटपुटल्यासारखें फिरतें. त्यांत गव्हाण नाहीं, मेंढपाळ नाहींत, गडबड नाहीं. अनादि काळापासूनचें एक रहस्य हळू आवाजांत सांगितलें जातें, मग लोक दयेची याचना करतात, आणि मग ग्लोरिया! आमच्याकडे काय होतें? धर्मगुरु दारांतून आंत येण्यापूर्वींच ड्रम आणि कीबोर्ड अशा जोरानें सुरू होतात कीं ग्लोरियाला वर चढण्यास जागाच उरत नाहीं. मोठा आवाज वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. तो पांच मिनिटें लवकर येतो, एवढेंच माझें म्हणणें आहे.

हें सारें लॅटिन गायन साधूंचें व शिकलेल्या गायकांचें होतें, सामान्य लोकांनीं काय करावें, असा प्रश्न कोणी विचारील. लोकांनींही आपलें गायन निर्माण केलें, आणि त्यांतील पुष्कळ गीतें लहान गांवांत, अडचणींतून जन्मास आलीं. संत फ्रान्सिस यांनीं १२२३ सालीं ग्रेच्चो येथें खरी गव्हाण, खरा बैल व खरें गाढव आणवून नाताळची मिस्सा करविली, आणि स्वतः उपयाजक या नात्यानें शुभवर्तमान गाइलें. ‘सायलेंट नाइट’ या नांवानें आपणांस ठाऊक असलेल्या गीताचा जन्म ऑस्ट्रियांतील ओबर्नडॉर्फ या गांवचा. योसेफ मोर या तरुण साहाय्यक धर्मगुरूनें त्याचे शब्द १८१६ सालीं लिहिले होते. १८१८ सालीं २४ डिसेंबरला तो ते घेऊन शेजारच्या आर्न्सडॉर्फ गांवचा शाळामास्तर फ्रान्त्स ग्रूबर याच्याकडे गेला, कारण हा मास्तर ओबर्नडॉर्फच्या देवळांत ऑर्गनही वाजवीत असे. दोन आवाज व एक गिटार यांसाठीं चाल बांधावी अशी त्यानें विनंति केली. त्याच रात्रीं दोघांनीं तें देवळांत गाइलें. उंदरांनीं ऑर्गनचा भाता कुरतडला होता वगैरे गोष्टी मागाहून जोडल्या गेल्या. ग्रूबरनें १८५४ सालीं लिहून ठेवलेल्या हकीकतींत त्यांचा मागमूस नाहीं. आपण ज्याला आज ‘परंपरा’ म्हणतों तें गीत एके काळीं त्याच दिवशीं दुपारीं तयार झालेलें, गांवच्या भाषेंतलें, आणि देवळांत रूढ नसलेल्या वाद्यावर वाजविलेलें होतें, हें विसरूं नये.

‘आदेस्ते फिदेलेस’ याची कथा निराळी. इंग्लंडांत कॅथॉलिकांवर निर्बंध होते त्या काळांत जॉन फ्रान्सिस वेड नांवाचा एक कॅथॉलिक गृहस्थ फ्रान्समधील दुए येथील इंग्रज निर्वासितांत राहून हस्तलिखितें नकलून पोट भरीत असे. या गीताच्या अठराव्या शतकाच्या मध्यावरील सर्वांत जुन्या प्रती त्याच्या हातच्या आहेत. लंडनमध्यें तें पोर्तुगीज वकिलातीच्या प्रार्थनामंदिरांत गाइलें जाई. म्हणून त्याला ‘पोर्तुगीज गीत’ असेंही नांव पडलें. ज्या गीताला आपले लोक अस्सल साहेबी समजतात तें असें परागंदा झालेल्या एका श्रद्धावंताचें आहे.

मध्यंतरीं देवळांत ऑपेराचें, म्हणजे नाटकी थाटाचें गायन फार माजलें होतें. त्याला आळा घालण्यासाठीं पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं आपलें प्रसिद्ध आज्ञापत्र काढलें. ग्रेगोरियन गायन हा आदर्श ठरला. पियानो, ढोल, झांजा बंद झाल्या. स्त्रियांना गायकमंडळांत मज्जाव झाला (आज आमच्या माळ्यावर मुली नसत्या तर गायनच झालें नसतें). आणि सणाच्या गायनयुक्त उपासनेंत लोकभाषेंतील गीतांना जागा उरली नाहीं. शिस्त आली, पण लोकांचें तोंड पुष्कळसें मिटलें. पोप बारावे पायस यांनीं १९५५ च्या नाताळच्या दिवशीं काढलेल्या परिपत्रकांत लोकभाषेंतील धार्मिक गीतांचा गौरव केला. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं, ज्या लोकांचें स्वतःचें संगीत आहे त्यांच्या त्या संगीताला उपासनेंत योग्य मान द्यावा असें स्पष्ट सांगितलें. त्यानंतर मराठींत मिस्सा सुरू झाली, आणि एकाएकीं शेंकडों गीतांची गरज पडली. घाईघाईनें भाषांतरें झालीं. त्यांतलीं कांहीं टिकलीं. पुष्कळांत पाश्चात्त्य चालीचा ठोका मराठी शब्दाच्या भलत्याच अक्षरावर पडतो, ऱ्हस्व ताणलें जातें, दीर्घ दाबलें जातें, आणि गाणाऱ्याला अर्थ कळेनासा होतो.

वास्तविक ही अडचण आपल्या भाषेंत पूर्वींच सुटलेली होती. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यांत आले आणि चाळीस वर्षें तेथेंच राहून मरण पावले. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं साष्टींतील रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. नव्या ख्रिस्ती मंडळींतील एकानें पाद्रीला विचारलें कीं, आमचीं जुनीं पुराणें तर सुटलीं, आतां आमच्या करमणुकीला व बोधाला काय, असा प्रसंग कवीनेंच आरंभीं घातला आहे. त्याचें उत्तर म्हणून युरोपचें एखादें गीत भाषांतरून न देतां स्टीफन्स यांनीं ओवी उचलली. कारण दळतांना, निजवितांना, कथा ऐकतांना लोकांच्या तोंडीं तीच होती. ओवीची चाल शब्दाला वाट देते, शब्दाला मुरडीत नाहीं. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. ग्रंथाच्या पहिल्या तीन आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. परंतु कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं, आणि त्यांच्या आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं तो पुन्हां छापला. देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली. सरकारी हुकुमाला पुरून उरलें तें लोकांच्या गळ्यांतलें गाणें. आपल्या पंथाचे नसले तरी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) यांनींही अभंग व कीर्तन यांच्या द्वारें तीच वाट पुन्हां मोकळी केली.

म्हणून नाताळसाठीं मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रकार म्हणजे पाळणा. महाराष्ट्रांत बारशाला बायका पाळणा म्हणतात; जन्माच्या कीर्तनांत पाळणा झाल्यावांचून कथा पुरी होत नाहीं. हा हिंदु प्रकार आहे, असा आक्षेप एका वृद्ध गृहस्थांनीं घेतला. ओवीही ख्रिस्ती होऊन जन्मास आलेली नव्हती, एवढेंच मीं त्यांना म्हटलें. पाळण्याची जागा मात्र नेमकी असावी. मिस्सेच्या मध्यभागीं तो घुसडूं नये. बाळ येशूची मूर्ति गव्हाणींत ठेवतांना, किंवा ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरच्या शांततेंत तो शोभतो. सिनेमाच्या चालींना मात्र माझा विरोध कायम आहे. त्या हलक्या असतात म्हणून नव्हे. कांहीं उत्तम असतात. परंतु चाल आपल्याबरोबर आपले जुने शब्द घेऊन येते. एका ठिकाणीं ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या वेळीं अशी एक चाल सुरू होतांच अर्धें देऊळ गालांत हंसूं लागलेलें मीं पाहिलें आहे.

आणखी एक गोष्ट. बाजाराचा नाताळ २५ तारखेच्या रात्रीं संपतो. ख्रिस्तसभेचा २४ तारखेच्या संध्याकाळीं सुरू होतो व प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. २४ दिवस जें गीत राखून ठेवलें तें गाण्यास यापुढें भरपूर दिवस आहेत. २८ डिसेंबरला निष्पाप बालकांचा सण येतो. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री गांवच्या सोळाव्या शतकांतील धर्मनाटकांत, हेरोदाचे शिपाई येण्यापूर्वीं आया आपल्या मुलांना निजवितात तें अंगाईगीत आजही प्रसिद्ध आहे. दुःखाचा पाळणा हा प्रकार आपल्या बायकांनाही ठाऊक आहे, आणि त्या दिवशींच्या मिस्सेसाठीं तसें एखादें मराठी पद कोणी रचील तर मला हवें आहे.

यंदा १७ डिसेंबरपासून सात संध्याकाळीं जपमाळेनंतर सात नांवांचीं सात पदें ओवींत गावयाचीं असें गायकमंडळानें कबूल केलें आहे. त्यांतलीं चार तयार आहेत. ‘दाविदाची किल्ली’ अजून जमलेली नाहीं. ज्या कोणास ती जमेल त्यांनीं आगमनकाळच्या पहिल्या रविवारापूर्वीं मजकडे आणून द्यावी. त्या संध्याकाळचें गोडधोड माझ्याकडे.